माजी सैनिकांचें दुखणें आणि सरकारची सोय

सरकारी कागदांत एखादा नवा शब्द शिरला, कीं तो कोणाच्या सोयीसाठीं आला हें वाचकानें आधीं पाहावें, असें आमचें फार दिवसांचें मत आहे. दुष्काळाला ‘टंचाई’ म्हटल्यानें पोटाची आग कमी होत नाहीं, पण कचेरींतला कागद मात्र थंड होतो; तसाच कांहींसा प्रकार ‘स्वव्यवस्थापन’ या शब्दाचा होऊं पाहत आहे. अमेरिकेंत लष्करी सेवेंतून परतलेल्या आणि वर्षानुवर्षें पाठ, गुडघे किंवा खांदे दुखत असलेल्या माजी सैनिकांसाठीं इंटरनेटवरून शिकविण्याचे कार्यक्रम अलीकडे निघाले आहेत. दुखणाइतानें घरीं बसून संगणकावर किंवा मोबाईलवर धडे घ्यावे, व्यायाम करावा, श्वासाकडे लक्ष द्यावें, झोपेला शिस्त लावावी, दिवसाचें काम तुकड्यातुकड्यांनीं करावें, किती चाललों व किती दुखलें याची रोज नोंद ठेवावी, आणि अशा रीतीनें आपल्या वेदनेचा कारभार आपणच पाहावा, असें त्यांचें स्वरूप आहे. हे कार्यक्रम वाईट आहेत असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. उलट ते चांगले आहेत असेंच आम्ही पुढें दाखविणार आहों. आमचें भांडण निराळें आहे. ज्या गुणामुळें हे कार्यक्रम चांगले ठरले तो गुणच काढून घेऊन उरलेलीं टरफलें स्वस्तांत वांटण्याची जी बुद्धि बळावत आहे, तिच्याशीं आमचें भांडण आहे.

प्रथम दुखणें केवढें आहे तें पाहूं. अमेरिकेंत २०१० ते २०१४ या काळांत झालेल्या राष्ट्रीय आरोग्य-पाहणीवरून असें दिसलें, कीं माजी सैनिकांपैकीं सुमारें ६५ टक्के लोकांना मागील तीन महिन्यांत कोठें ना कोठें दुखत होतें, आणि सुमारें ९ टक्क्यांचें दुखणें तीव्र होतें. जे कधींच सैन्यांत नव्हते त्यांच्यांत तीव्र वेदनेचें प्रमाण सुमारें ६ टक्के होतें. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतें. जखम भरते, हाड सांधतें, क्ष-किरणांच्या चित्रांत कांहीं दिसत नाहीं, तरी ठणका राहतोच. पाठीवर ओझें घेऊन केलेली मजल, खडबडीत रस्त्यावर गाडींत बसलेले हादरे, स्फोटाचा धक्का, विमानांतून मारलेली उडी, या सर्वांचा हिशेब शरीर उशिरानें मागतें, पण मागितल्यावांचून राहत नाहीं.

हा हिशेब चुकविण्याचा पूर्वींचा मार्ग गोळीचा होता. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानें १९९९ सालीं वेदनेला नाडी, ताप, श्वास व रक्तदाब यांच्या पंक्तीला बसविलें आणि तिला ‘पांचवें लक्षण’ ठरविलें. रुग्ण दवाखान्यांत आला, कीं त्यानें शून्यापासून दहापर्यंतचा एक अंक सांगावयाचा. हेतु चांगला होता. पण अंक विचारणें सोपें, आणि त्या अंकामागचा माणूस समजून घेणें अवघड. त्या काळांत अमेरिकेंत सर्वत्रच अफूच्या वर्गांतील औषधें सढळ हातानें दिलीं जात होतीं; त्यांचें व्यसन व त्यांपायीं होणारे मृत्यु डोळ्यांवर आले, तेव्हां २०१३ पासून या खात्यानें हात आखडता घेतला. याच खात्याच्या दवाखान्यांतील २४० रुग्णांवर वर्षभर केलेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पाठीच्या, गुडघ्याच्या व खुब्याच्या जुनाट दुखण्यांत हीं औषधें इतर वेदनाशामकांहून सरस नाहींत असें त्यांत ठरलें. तेव्हां हात आखडणें शास्त्राला धरूनच होतें. परंतु २०२० सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें याच खात्याच्या तेरा लक्षांहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला, त्यानें दुसरी बाजू दाखविली : औषध बंद झाल्यानंतर अतिमात्रेनें किंवा आत्महत्येनें मृत्यु येण्याचा धोका वाढलेला दिसला, आणि औषध जितकें अधिक काळ चालू होतें तितका तो अधिक होता. यावरून आम्ही इतकाच बोध घेतों, कीं माणसाच्या हातची काठी काढून घ्यावयाची असेल तर त्याला दुसऱ्या कोणाचा तरी हात दिला पाहिजे. तो हात म्हणून आज स्वव्यवस्थापनाचें नांव पुढें केलें जात आहे; म्हणून तो खरोखर हात आहे कीं हाताचें चित्र, हें पाहणें अवश्य आहे.

येथें एका गैरसमजाचा निकाल आधीं लावूं. “धडे वाचून ज्याचें दुखणें हलकें होतें, त्याला दुखणेंच नव्हतें, सगळे मनाचे खेळ,” असें म्हणणारे शहाणे सर्व देशांत आहेत. त्यांनीं सैनिकांच्या वेदनेचा इतिहास वाचलेला नाहीं. अमेरिकेच्या यादवी युद्धांत सायलस वेअर मिचेल या वैद्यानें फिलाडेल्फियाच्या इस्पितळांत असे सैनिक पाहिले, कीं ज्यांची जखम भरूनहि मज्जातंतूंची आग शमत नव्हती, आणि असेहि पाहिले, कीं ज्यांचा कापून टाकलेला पाय दुखत होता. याच्या उलट दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या वैद्यानें जबर जखमी सैनिकांना विचारलें, तेव्हां वेदना थांबविण्यास कांहीं द्या असें म्हणणारे सुमारें चतुर्थांशच निघाले. त्याचा हा लेख १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे जखमेच्या मापानें वेदना मोजतां येत नाहीं. मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं याची उपपत्ति मांडली : शरीराकडून येणारा संदेश पाठीच्या कण्यांत एका दारांतून जातो, आणि तें दार कमीअधिक उघडण्याचा अधिकार मेंदूलाहि आहे. पुढें या उपपत्तींत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण तिचा गाभा टिकला. भीति, निद्रानाश, एकटेपणा व हालचाल सोडून देणें यांनीं वेदना वाढते, आणि यांवर उपाय केल्यानें ती कमी होते, यांत ढोंग कोठेंहि नाहीं. तेव्हां शिकवून वेदना हलकी करतां येते हें आम्हांस मान्य आहे.

पण शिकवितें कोण, हा खरा प्रश्न आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठांत केट लॉरिग यांनीं एकोणीसशें सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सांधेदुखीच्या रुग्णांसाठीं स्वव्यवस्थापनाचे वर्ग सुरू केले. या वर्गांचें वैशिष्ट्य असें, कीं ते चालविणारे बहुधा वैद्य नसत. ज्यांनीं तेंच दुखणें स्वतः भोगलें आहे अशीं शिकवून तयार केलेलीं साधीं माणसें ते चालवीत. म्हणजे स्वव्यवस्थापन या कल्पनेच्या मुळाशींच ‘स्व’ एकटा नव्हता. त्याच्या शेजारीं समदुःखी बसलेला होता.

आतां माजी सैनिकांवरील प्रयोग घ्या. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत इराक व अफगाणिस्तान येथून परतलेले २४१ सैनिक होते. त्यांना औषधांची नीट आखणी, स्वव्यवस्थापनाचे पाठ व नंतर मनोपचार असें क्रमानें दिलें, आणि त्यांचें हिंडणेंफिरणें व कामकाज सुधारलें. पण परिचारिका त्यांना ठराविक दिवसांनीं फोन करीत होत्या. २०१७ च्या प्रयोगांत पाठदुखीचे १२५ रुग्ण होते. त्यांतील निम्म्यांना समोर बसून मनोपचार दिला, निम्म्यांना टेलिफोनवरील यंत्राकडून. आणि वेदना कमी करण्याच्या कामीं यंत्राचा मार्ग कमी ठरला नाहीं. या निकालाचा डंका फार वाजला. परंतु डंका वाजविणारे एक गोष्ट हळूच सांगतात : रुग्णानें यंत्राला रोज दिलेल्या नोंदी एक उपचारक ऐके, आणि त्या त्या रुग्णासाठीं दर आठवड्याला स्वतःच्या आवाजांत निरोप भरून ठेवी. तिसरा प्रयोग २०२४ चा, ८११ माजी सैनिकांवरचा. चित्त एकाग्र करण्याचें शिक्षण एका गटाला दूरदृश्य-वर्गांत सर्वांबरोबर दिलें. दुसऱ्यानें तेंच आपल्या सवडीनें एकट्यानें घेतलें. वर्षभर पाहिल्यावर दोन्हीं गट नेहमींचे उपचार घेणाऱ्यांहून बरे आढळले, आणि त्या दोहोंमध्यें म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. “पाहा, एकट्यानें शिकलेलाहि तितकाच सुधारला!” असें हिशेबनीस म्हणतात. पण या ‘एकट्या’ शिकणाऱ्यालाहि एका मार्गदर्शकानें तीन वेळां फोन केला होता, हें ते सांगत नाहींत. तीन फोन म्हणजे फार नव्हे. पण तीन फोन आणि शून्य फोन यांतील अंतर गणितांत जेवढें आहे त्याहून दुखणाइताच्या खोलींत फार मोठें आहे.

आमची हयात शिकविण्यांत गेली, म्हणून आम्हांस या हातचलाखीची जुनी ओळख आहे. पाठ्यपुस्तक चांगलें निघालें म्हणून शिक्षकाची जागा भरूं नये, असा युक्तिवाद करणारे आम्हीं पाहिले आहेत. पुस्तक चांगलें होतें हें खरें, आणि मुलें नापास झालीं हेंहि खरें. मग दोष मुलांच्या आळसाचा ठरतो. वेदनेच्या कार्यक्रमांतहि हेंच होणार. ज्याला रात्रीं झोप नाहीं, ज्याचें चित्त स्फोटाच्या आठवणींनीं उडालेलें आहे, तो सहावा धडा पुरा न करतां थांबला, तर त्याच्या नांवापुढें ‘रुग्णानें सहकार्य केलें नाहीं’ असा शेरा पडेल. उपचार फसल्याची जबाबदारी उपचार करणाऱ्याकडून उपचार घेणाऱ्याकडे अशी निमूटपणें सरकते, आणि ‘स्व’ या अक्षराची खरी किंमत तेव्हां कळते.

आमच्या प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही डावलीत नाहीं. ते म्हणतात, माजी सैनिक खेड्यापाड्यांत विखुरलेले. वेदनेवर मनोपचार करणारे मोजके. दवाखाना शेंकडों मैल दूर. मग कांहींच न मिळण्यापेक्षां यंत्र काय वाईट? यांतील अंतराची गोष्ट सर्वस्वीं खरी आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानें २०१६ पासून दूरच्या सैनिकांना घरीं वापरण्यास टॅब्लेट देण्यास आरंभ केला, त्याची आम्ही स्तुतीच करूं. परंतु तार जोडून अंतर मिटतें, एकटेपणा मिटत नाहीं. तो तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस असला तरच मिटतो. “कांहींच न मिळण्यापेक्षां बरें” हा युक्तिवाद उपाशी माणसापुढें अर्धी भाकरी ठेवतांना शोभतो. जो त्याच्या ताटांतली अर्धी उचलून नेत आहे, त्याच्या तोंडीं शोभत नाहीं.

शिवाय सैनिकाची गोष्ट इतर रुग्णांहून निराळी आहे. त्यानें ओझें स्वतःच्या हौसेनें उचललें नाहीं. हुकूम झाला म्हणून उचललें. हुकूम देतांना राष्ट्रानें त्याला ‘तूं स्वतःचें स्वतः पाहा’ असें म्हटलें नव्हतें. सैन्यांत पहिली शिकवण अशी देतात, कीं शेजारच्याला टाकून येऊं नये. ज्याला वीस वर्षें ‘आपण’ म्हणावयास शिकविलें, त्याला घरीं आल्यावर एका पडद्यापुढें बसवून ‘स्व’ म्हणावयास लावणें हा उपचार नव्हे; तें ऋणकोनें धनकोच्या हातीं बचतीचें पुस्तक ठेवण्यासारखें आहे.

हा प्रश्न सातासमुद्रांपलीकडचा म्हणून आपण स्वस्थ बसावें असें नाहीं. पहिल्या महायुद्धांत ४६ जवान गमावलेलें अपशिंगे ज्या सातारा जिल्ह्यांत आहे, तेथें घरटीं सैनिकाची परंपरा सांगणारीं गांवें आहेत. आपल्याकडे माजी सैनिकांसाठीं अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून आहे, आणि दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची ‘सेहत’ ही सोय संरक्षण खात्यानें २०२१ सालीं सुरू केली. तेव्हां आज ना उद्यां वेदनेच्या स्वव्यवस्थापनाचा कार्यक्रम येथेंहि येईल, आणि तो यावा अशीच आमची इच्छा आहे. पण परदेशांतून तो उचलतांना यंत्र तेवढें उचलूं नये. ज्याला ठणका, कळ, चमक, उसण, शिणक आणि आग हे सहा निराळे प्रकार कळतात, त्या माणसाला एकच अंक विचारणारा कार्यक्रम त्याचें दुखणें अर्धेंहि ऐकत नाहीं. त्याच्या गांवाकडची भाषा समजणारा, शक्य तर स्वतः पलटणींत असलेला आणि स्वतः दुखणें भोगलेला माणूस आठवड्यांतून एकदां तरी त्याच्याशीं बोलला पाहिजे. धडे अर्धवट सोडणाऱ्याची चौकशी झाली पाहिजे, नोंद नव्हे. आणि कार्यक्रम घेतला म्हणून त्याचा वैद्य, त्याचें औषध किंवा त्याचें अपंगत्वाचें निवृत्तिवेतन यांतील कांहींहि कमी होतां कामा नये. एवढें जेथें असेल तेथें स्वव्यवस्थापनाचें आम्ही मनापासून स्वागत करूं.

जेथें हें नसेल, तेथें त्या शब्दाचा एकच अर्थ उरतो : व्यवस्था सरकारची, आणि दुखणें ज्याचें त्याचें.