५० ग्रॅमचा मामला

जिममधला ट्रेनर आणि म्युझिक क्लासमधले सर, या दोघांचं एका गोष्टीवर एकमत होणं कठीण. ती गोष्ट म्हणजे तुमचे हात. ट्रेनर म्हणतो, हातात दम पाहिजे. सर म्हणतात, हात हलका पाहिजे. आणि आपण बिचारे सकाळी एकाची फी भरतो, संध्याकाळी दुसऱ्याची!

हसू नका. तुमच्या आसपास बघा. बोनस आला की ईएमआयवर डिजिटल पियानो घेणारे आणि जानेवारी आला की जिमची वर्षाची मेंबरशिप घेणारे, हे बरेचदा एकच लोक असतात. महिनाभर दोन्ही जोरात चालतं. मग एके दिवशी बायसेप्स मारून घरी आल्यावर पियानोवर बोटं टाकावीत, तर ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटतात. लगेच निष्कर्ष तयार... ‘जिममुळे हात जड होतात.’ आणि दोनातलं एक सुटतं.

माझ्या एका मित्राचं नेमकं हेच चाललं होतं. गडी मूळचा इंदापूर तालुक्यातला, नोकरी बारामतीच्या एमआयडीसीत. आठवडाभर शिफ्ट आणि लग्नसराईत शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. शिवाय बारामतीत पियानोचे धडे चालू. वर्षभरापूर्वी त्यानं जिम लावलं. सरांच्या कानावर गेलं तसं त्यांनी सुनावलं, “एक काय ते ठरव. लोखंड उचल, नाहीतर सूर.” तिकडे ट्रेनरनं स्प्रिंगचा ग्रिपर हातात दिला. म्हणे, बोटं स्ट्राँग झाली की पियानो आणखी फास्ट वाजेल!

मित्रानं फोन केला. “तू पत्रकार ना? मग सांग, खरं कोण बोलतंय?”

मास कॉमला आम्हाला शिकवलं होतं, दोन्ही बाजू ऐकून घ्या. घेतल्या. पण या केसमध्ये तिसरी बाजूही होती. खुद्द पियानोची.

पियानोची गंमत अशी, की तो ताकदीचं वाद्य दिसतो आणि असतो वेगाचं. साध्या पियानोला ८८ पट्ट्या असतात. त्यातली एक पट्टी हळूच खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं. म्हणजे एक अंडं! ती जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. तेवढ्यात आतली यंत्रणा एक हातोडी तारेवर फेकते. हो, फेकते. शेवटच्या टप्प्यात हातोडी पट्टीपासून सुटलेली असते. तारेवर आपटून ती परत फिरली, की तुम्ही पट्टी कितीही दाबून धरा, आवाज तसूभरही वाढत नाही. आवाज ठरतो तो हातोडी किती वेगानं सुटली त्यावर. इटलीच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० सालाच्या सुमारास हे वाद्य घडवलं, ते याच करामतीसाठी. पियानो म्हणजे हळू, फोर्ते म्हणजे जोरात. एकाच पट्टीतून दोन्ही.

आपल्या पेटीचं गणित वेगळं. तिथे पट्टी फक्त हवेची वाट उघडते, जोर ठरवतो तो भाता. म्हणजे पेटीवाल्याची एका हाताची बोटं सूर सांभाळतात आणि दुसरा हात दम पुरवतो. पियानोवाल्याला दोन्ही कामं त्याच बोटांनी करायची.

मग प्रश्न असा, की ५० ग्रॅमसाठी ५० किलो उचलायचे कशाला?

उत्तरासाठी जरा हाताच्या आत डोकवावं लागेल. हे ऐकून मी स्वतःही चाट पडले होते... आपल्या बोटांत, बोटं वाकवणारे स्नायूच नाहीत! बोटं हलवणारे मोठे स्नायू असतात कोपर ते मनगट या भागात. तिथून लांब दोऱ्यांसारखे कंडरे मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीच म्हणा ना. काही छोटे स्नायू तळहातात आहेत, ते बारीक कामाचे. म्हणजे ‘बोटांची ताकद’ असं आपण ज्याला म्हणतो, ती पुष्कळशी कोपराखाली राहते. आणि कोपर लटकतं खांद्यावर, खांदा टेकतो पाठीवर. टेकू न घेता दोन तास स्टुलावर बसणाऱ्याची पाठच आधी थकते. पाठ थकली की खांदे वर चढतात, मनगट आखडतं, आणि शेवटी शिक्षा होते बोटांना.

थोडक्यात काय, तर जिमचा फायदा बोटांना थेट होत नाही. तो वरून, खांद्याकडून झिरपत खाली येतो. संगीतकारांवर झालेल्या काही छोट्या अभ्यासांतही हेच दिसलं. पाठ, मान आणि पोटाच्या स्नायूंचा व्यायाम करणाऱ्यांना वाजवताना होणारा त्रास कमी झाला. वेग वाढला, असं काही तिथे दिसत नाही. वेग रियाजानंच येतो.

बरं, दंड फुगले की बोटं मंदावतात का? नाही हो. पूर्ण हालचालीत केलेल्या वेट ट्रेनिंगनं सांधे आखडत नाहीत, उलट लवचिकता टिकते. मंदावतात ती दुसऱ्या कारणानं. नको तेव्हा नको ते स्नायू आवळून ठेवल्यानं. बोट खाली नेणारा आणि वर उचलणारा, दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळले, की बोट मधल्यामध्ये अडकतं. ग्रिपरची सवय नेमकी हीच लावते. दिवसभर मूठ आवळायची, आणि संध्याकाळी हाताला म्हणायचं, बाबा रे, आता मोकळा हो!

शिवाय ताजा थकवा असतोच. विश्वास बसत नसेल तर जड डेडलिफ्टनंतर लगेच काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलून बघा. जो हात चहा सांडतो, तो शोपँ काय वाजवणार? मित्राची बोटं ‘जड’ झाली होती ती याच टायमिंगमुळे. संध्याकाळी सहाला जिम, साडेसातला क्लास. कुणाचीही होतील.

बोटांना वेगळं पैलवान करायची हाव जुनी आहे. जर्मनीचा रॉबर्ट शुमान, जन्म १८१०. याला पियानोवादकच व्हायचं होतं. बोटांसाठी त्यानं एक यांत्रिक उपकरणही वापरलं. विशीतच त्याच्या उजव्या हातानं दगा दिला आणि मंचावर वाजवायचं स्वप्न संपलं. दोष त्या यंत्राचा, अतिरियाजाचा, की मेंदूकडून बोटांना जाणारे संदेशच बिघडवणाऱ्या आजाराचा, यावर तज्ज्ञ अजून भांडताहेत. तो पुढे थोर संगीतकार झाला हे आपलं नशीब. त्याच्या रचना जगभर गाजवल्या त्या त्याच्या बायकोनं, क्लारानं.

मला मात्र यावरचा सगळ्यात चांगला धडा मिळाला तो मित्राच्या गावाकडच्या रस्त्यावर.

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीला मुक्काम करते. मग काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, पुढे सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी आणि इंदापूर. इंदापुरातही रिंगण होतं. आपण सगळे बघतो तो धावणारा अश्व. या वेळी जमलं तर पखवाजवाल्यांकडे बघा. खोडातून कोरलेलं, काही किलोंचं ते वाद्य गळ्यात अडकवून ही माणसं चालतात. वर ऊन, नाहीतर पाऊस. पायाखाली डांबर. आणि हात वाजवतायत! डाव्या तोंडाला कणीक, तिथे उघड्या पंजाचा घुमारा. उजव्या तोंडाला शाई, तिथे बोटांची बारीक, स्वच्छ अक्षरं. हे तासन् तास.

यांची बोटं कुठल्या ग्रिपरनं घडलेली नसतात. ती घडतात रियाजानं. आळंदीला विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे, तिथल्यासारखी अक्षरं घोटून घोटून. पण ती बोटं दिवसाच्या शेवटीही तशीच स्वच्छ बोलतात, कारण वजन बोटांवर नसतं. ते मान, खांदे, पाठ, कंबर आणि पाय यांनी वाटून घेतलेलं असतं. चांगला वादक बघा. धड खांबासारखं, आणि मनगट दोरीसारखं. रिंगणात तर हीच माणसं पखवाजासकट उड्या मारतात.

स्ट्रेंथ ट्रेनिंग आणि वादन यांचं नातं मला तिथे कळलं. ताकद वाद्य वाजवत नाही. ताकद वाजवणाऱ्याला थकू देत नाही.

हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आमच्या अण्णांचा खांदा धरला तेव्हा ते पन्नाशीत होते. बोटं एकदम शाबूत, पण भाता ओढवेना. भजनी मंडळात जाणंच सोडलं गं त्यांनी. पेटी अजून माळ्यावर आहे.”

अण्णांचा खांदा व्यायामानं वाचला असता का? हे मी सांगू शकत नाही आणि कुणी छातीठोकपणे सांगू नये. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा धरण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि अण्णांना मधुमेह आहे. पण मित्राचा प्रश्न आता बदलला होता. जिमनं या सीझनचं वादन बिघडेल का, हे राहिलं बाजूला. वयाच्या साठीत आपण वाजवत असू का, हा खरा प्रश्न. सर आणि ट्रेनर, दोघांनाही हा कुणी विचारलाच नव्हता.

तर मंडळी, सूर आणि लोखंड एकाच घरात नांदवायचा फंडा असा :

आधी वाजवा, मग उचला. रियाज ताज्या हातानं. दोन्ही एकाच दिवशी असेल तर सकाळी पियानो, संध्याकाळी जिम.

आठवड्यातून दोन दिवस पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही प्रौढांना स्नायूंच्या व्यायामासाठी निदान दोन दिवस द्यायला सांगतात. आपल्याला ऑलिम्पिकला जायचं नाहीये.

भर पाठ, खांदे, पोट आणि पायांवर. रोइंग, स्क्वॉट्स, प्लँक. आपले तालमीतले जोर-बैठकाही झकास. बारबेल धरताना मनगट मागे मोडू देऊ नका. जड ओढायच्या व्यायामात पट्टे वापरा, म्हणजे सगळा भार मुठीवर येत नाही. नवीन असाल तर ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगा, मी वाजवतो. त्यात लाजायचं काय?

कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस जड वजनांना सुट्टी. अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात असते. शनिवारी मंगल कार्यालयात वाजवायचं असेल तर शुक्रवारी हिरोगिरी नको. तसंही जड पट्ट्यांचा ८८ पट्टींचा कीबोर्ड पंधरा-वीस किलोंचा सहज भरतो. तो जिन्यावरून स्टेजपर्यंत चढवणं हेच एक वर्कआउट आहे!

ग्रिपर आणि बोटांची यंत्रं गिफ्ट म्हणूनही घेऊ नका. शुमान आठवा.

आणि एक सीरियस गोष्ट. ठणक दोन-तीन दिवसांत उतरते. पण बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल, तर ती ठणक नाही. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत असेल तर मनगटातली नस दाबली जात असू शकते, करंगळीकडे असेल तर कोपराजवळची. अशा वेळी सर नको, ट्रेनर नको आणि इंटरनेट तर नकोच. सरळ डॉक्टर गाठा. दुखणं अंगावर काढून वाजवत राहणं याला निष्ठा म्हणत नाहीत.

मित्रानं वेळापत्रक उलटं केलंय. पहाटे पियानो, मग शिफ्ट, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी जिम. ग्रिपर ट्रेनरला परत. सरांनी अजून पूर्ण माफ केलेलं नाही, पण परवा क्लासमध्ये “खांदे खाली आलेत तुझे” एवढं बोलले म्हणे. सरांच्या भाषेत हे डिस्टिंक्शन!

आणि हो, माळ्यावरची पेटी खाली आली आहे. भाता मित्र मारतो, पट्ट्यांवर बोटं अण्णांची. एका पेटीवर दोन माणसं. ऐकायला मजा येते, असं शेजारचे म्हणतात.