माणसं कमी, म्हणून गाडी बंद?

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सतरा लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. महाराष्ट्र वाढत होता आणि आम्ही घटत होतो. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, हा आकडाही तेव्हाचाच. बाहेरची माणसं त्याचं कौतुक करतात. मी प्राथमिक शिक्षिका, जनगणनेत प्रगणक म्हणून घरोघरी फिरलेली. त्या आकड्यामागे मला दिसली ती सासू, सून आणि शाळेतली पोरं. कर्ता पुरुष मुंबईला. गणना फेब्रुवारीत होते, चाकरमानी येतो गणपतीला आणि शिमग्याला. त्याची मोजणी नालासोपाऱ्यात नाहीतर दिव्यात होते.

मागे राहिलेल्या या माणसांच्या संख्येवर एसटीची फेरी ठरावी, हे मला पटत नाही. भारमान कमी, दर किलोमीटरचं उत्पन्न कमी, म्हणून फेरी बंद. मग दहावी झालेल्या मुलीसाठी तालुक्याला खोली घ्यावी लागते, तिच्या सोबतीला आई जाते आणि घराला कुलूप लागतं. पुढच्या खेपेला भारमान आणखी घसरतं आणि फेरी बंद करणाऱ्यांना वाटतं, आपला हिशेब बरोबरच होता.

त्यात वाडीचं दुखणं वेगळंच. जनगणनेच्या सुविधांच्या यादीत नोंद होते ती महसुली गावाची. गावात बस आहे का. नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहावर की त्याहून लांब, एवढंच त्यात असतं. कोकणात गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. ग्रामपंचायतीपाशी गाडी थांबली की गावात बस ‘आहे’. वरच्या वाडीतली गरोदर बाई घाटी उतरून, पऱ्यावरचा साकव ओलांडून तिथवर कशी येते, याला रकाना नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने २००० मध्ये गावाऐवजी वस्ती धरली, हे चांगलं केलं. पण अट सपाटीवर ५०० माणसांची आणि डोंगराळ, आदिवासी भागात २५० ची. पंचवीस-तीस घरांची वाडी दोन्हीकडे नापास.

सरकारने सवलती दिल्या, त्याचा मला आनंदच आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पण गाडीच येत नाही तिथे अर्धं तिकीट काढायचं कशाचं? सवलतीवर हक्क असलेली म्हातारी सहाआसनी रिक्षाला पूर्ण पैसे मोजते आणि रिक्षा भरेपर्यंत तिठ्यावर बसून राहते.

चार माणसांसाठी मोठी गाडी डोंगरात पाठवून डिझेल जाळायचं का, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. मोठी नकोच, लहान गाडी पाठवा. दिवसभरही नको. सकाळी शाळा आणि दवाखान्याच्या वेळेला एक, संध्याकाळी परतीची एक, एवढ्या दोन फेऱ्या पुरेत. मात्र त्यांचा तोटा एसटीच्या माथी मारू नका. सवलतींचे पैसे सरकार महामंडळाला देतं, तसेच या फेऱ्यांचेही द्यावेत. शाळेचा खर्च आपण फीच्या उत्पन्नावर मोजत नाही. शाळेपर्यंत नेणाऱ्या गाडीला तो नियम का?

फेब्रुवारी २०२७ मध्ये पुन्हा माणसं मोजायचं ठरलं आहे. तोवर प्रत्येक ग्रामसभेने वाडीवार यादी करावी: घरं किती, बाराही महिने गाडी येते तो थांबा किती लांब, पावसाळ्यात वाट चालू असते का. ठराव करून ती जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आगारात द्यावी. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. लोकसंख्या घटल्याचं कारण दाखवून उद्या कोणी फेरी नाकारली, तर आधी काय घटलं, माणसं की गाड्या, हे आपल्याला कागदावर दाखवता आलं पाहिजे.