पाण्यात उतरण्याआधी काठाला विचारा

जून लागला की आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "यंदा कुठे?" कोणी मढे घाट म्हणतो, कोणी रायरेश्वर, कोणी तोरणा. आणि हल्ली दोन-तीन वर्षं कोणीतरी हमखास म्हणतो, "कयाक काढूया का? भाटघरला?" पूर्वी मी सगळ्यात आधी हो म्हणायचो. आता आधी एक गोष्ट सांगतो. तीच इथेही सांगतो, कारण त्यातून माझं एक मत बनलंय आणि ते सगळ्यांना आवडेलच असं नाही.

भोरजवळचं भाटघर धरण इंग्रजांच्या काळातलं. साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं त्यात. जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, आणि ते शोभतंही, कारण कंकांचं भुतोंडे गाव याच वेळवंडी नदीच्या खोऱ्यात, राजगडाच्या पायथ्याला. ऑगस्टमध्ये इथं जाऊन बघा. दोन्ही बाजूंना ढगात डोकं खुपसून बसलेले डोंगर, भाताची हिरवी खाचरं थेट पाण्यापर्यंत उतरलेली, आणि मध्ये लांबच लांब पाणी. परदेशातल्या कुठल्याशा पावसाळी किनाऱ्याचे फोटो बघून हळहळणाऱ्यांनी एकदा इथे यावं. वल्हं पाण्यात घातलं की आवाज फक्त पावसाचा.

आम्ही चौघं गेलो होतो. दोन कयाक, चार लाइफ जॅकेट, डब्यात पोहे. काठावर एक म्हातारेबाबा इरलं पांघरून बांध नीट करत होते. आमच्याकडे बघून म्हणाले, "पोरांनो, दुपारच्याला वारं सुटतंय. धरणाच्या अंगाला लांब जाऊ नका." आम्ही "हो बाबा" म्हणालो आणि हसलो. वारा काय, चांगलाच की, ढकलेल!

ढकललंच त्यानं. जाताना. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि हे खोरं म्हणजे त्याच्यासाठी सरळ बोळ. तुम्ही धरणाच्या दिशेला निघालात की पाठीवर हात ठेवून नेतो, आणि परत फिरलात की तोच छातीवर हात ठेवून थांबवतो. त्यात पाणी जितकं लांब मोकळं, तितक्या लाटा मोठ्या. अर्ध्या तासात गेलेलं अंतर यायला दोन तास लागले. हात भरून आले. आमच्यातल्या सर्वात लहानानं, म्हणजे मित्राच्या धाकट्या भावानं, "काचतंय" म्हणून जॅकेट काढून पाठीमागे उशीसारखं ठेवलं होतं. मी ते पाहिलं होतं. काही बोललो नाही.

काठ शंभर फुटांवर असताना त्यांची कयाक आडवी झाली आणि उलटली. एक जण जॅकेटमुळे बुचासारखा वर आला. धाकटा आला नाही. आला तेव्हा खोकत होता आणि पुन्हा खाली गेला. त्याच्या अंगावर जीन्स होती, ओली जीन्स कशी जड होते ते सांगायला नको. मी वल्हं मारत होतो आणि जागचा हलत नव्हतो. तेवढ्यात काठावरून ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब घेऊन बाबा आणि त्यांचा नातू पाण्यात शिरले. दोरी बांधूनच आले होते. म्हणजे आम्ही परत फिरल्यापासून ते आमच्याकडे बघत होते. पोरगा वाचला. पैसे दिले तर बाबांनी घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, "खाली आमची जुनी खाचरं हायती. बांध हायती, हिरी हायती. तुमाला वरून निस्तं पानी दिसतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याला वरून नुसतं पाणी दिसतं. खरंच, या तलावाच्या तळाशी एक अख्खं खोरं आहे. कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातला बहुतेक काळ बुडालेलं असतं आणि ऐन उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं. जिथे गुडघाभर पाणी वाटतं तिथून पुढचं पाऊल जुन्या बांधावरून खाली, पुरुषभर पाण्यात. मे 2022 मध्ये याच भाटघरच्या पाण्यात एकाच घरातल्या पाच जणी बुडाल्या. तेव्हा ना पाऊस होता ना पूर.

आता मुद्दा. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला. अशा वेळी बंदीचे आदेश निघतात. मी त्यांना हसणार नाही. गर्दी आवरायला दुसरा तातडीचा उपाय नसतो हे मान्य. पण बंदी कागदावर असते आणि काठावर असतो तो शेतकरी. बंदी असेल तर माणसं आडवाटेनं, गुपचूप, कोणाला न विचारता पाण्यात उतरतात. मग दोरी घेऊन उभं कोण राहणार?

राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 साली आलं. त्यात आयोजकांच्या नोंदणीची अपेक्षा आहे. चांगलंच आहे. पण माझ्या मते नोंदणी पुण्यातल्या आयोजकाची होऊन भागणार नाही. भोर आणि वेल्ह्यातल्या (आता राजगड तालुका म्हणायचं) काठच्या प्रत्येक गावातली चार-दोन पोरं तयार करा. त्यांना जॅकेट द्या, फेकायची दोरी द्या, रोजगार द्या. आणि मुख्य म्हणजे "आज नाही" म्हणायचा अधिकार द्या. त्यांनी नाही म्हटलं की नाही. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, ज्यांच्या दारचं पाणी नीरेच्या कालव्यांतून लांबच्या उसाला जातं, त्यांना त्या पाण्यावर निदान एवढा तरी हक्क असावा.

कोणी म्हणेल, यानं खर्च वाढेल, मोकळेपणा जाईल. जाईल थोडा. पण मोकळेपणा म्हणजे कोणाचंच न ऐकणं असेल, तर त्या दिवशी आम्ही अगदी मोकळे होतो.

मी अजूनही जातो. कयाक विकली नाही. फक्त पाण्यात उतरण्याआधी बाबांच्या घरी चहा होतो, आणि ते आभाळाकडे बघून मान हलवतील तसं आम्ही करतो. गेल्या ऑगस्टात तीनदा गेलो, दोनदा नुसता चहा पिऊन परत आलो.

चहा छान असतो, हे जाता जाता सांगतो. बघा पटतंय का.