साहेब सीनियर सिटिझन झाले!

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षं. हा हिशेब आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलाय. गणित सोप्पं आहे, पण चुकीचं आहे, बॉस! २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी १०४ लॅब्रेडॉर्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय वाढतं तशा डीएनएवरच्या काही रासायनिक खुणा बदलत जातात. त्यांनी कुत्र्यांच्या खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या. तर काय, एक वर्षाचा लॅब निघाला चक्क ३१चा! दोन वर्षांचा ४२, चार वर्षांचा ५३. मग मात्र गाडी हळू पडते. बारा वर्षांचा लॅब म्हणजे साधारण ७१.

आमचा ब्रूनो बारा वर्षांचा आहे. मी २७ची असताना त्याला घरी आणलं, तेव्हा तो माझं बाळ होता. या हिशेबाने पहिल्याच वाढदिवसाला साहेब मला ओव्हरटेक करून गेले. आणि आता ७०च्या आईच्याही पुढे! म्हणजे दिवाळीला वाकून नमस्कार करायचा तर पहिला मान ब्रूनोचा. (हे गणित लॅबवरून काढलंय हं. पॉमेरेनियन, डॅशहुंडसारखी छोटी मंडळी जास्त जगतात, ग्रेट डेन बिचारा कमी.)

गंमत अशी की हे ओव्हरटेकिंग आपल्याला दिसतच नाही. आपण सकाळी हिंजवडीची बस पकडणार, रात्री साडेआठला परत. दार उघडलं की शेपटी हलतेच. पहिल्या वर्षीही हलायची, आजही हलते. दिवसभर तो कसा उठतो, कसा बसतो, हे बघतं कोण? आमच्याकडे आई बघते. मागच्या पावसाळ्यात तीच म्हणाली, "अगं, हा माझ्यासारखा उठतोय. आधी पुढचं टेकतो, मग मागचं ओढतो."

तोवर सोसायटीत सगळ्यांचं एकच पालुपद होतं, 'वय झालं आता त्याचं.' मला या वाक्याचा भयंकर राग येतो. वय झालं हे काय निदान आहे? व्हेटनी एक्स-रे काढला तर दोन्ही खुब्यांना संधिवात. म्हणजे दुखत होतं! फक्त तो सांगत नव्हता. पायावर पाय पडला तर कुत्रा केकाटतो, पण रोजच्या दुखण्यासाठी तो ओरडत नाही. तो एकेक गोष्ट करायची सोडून देतो. सोफ्यावर चढणं सोडतो, गाडीत उडी मारणं सोडतो. आपल्याला वाटतं, शहाणा झाला.

एक्स-रे बघून झाल्यावर व्हेटनी विचारलं, "घरात फरशी कुठली?" व्हिट्रिफाइड टाइल्स, अर्थात! बिल्डरने ब्रोशरमध्ये मिरवलेल्या. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी ही फरशी म्हणजे बर्फ. मग दर पंधरा दिवसांनी नखं कापायची, पंजाच्या गाद्यांमधले केस छाटायचे, आणि हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत मागे रबर असलेल्या मॅट्स. घराचा पार जिमखाना झालाय. पण आईसुद्धा आता त्याच मॅट्सवरून चालते. 'पाय घसरत नाही गं,' म्हणते. मॅट्स आणल्या ब्रूनोसाठी, हे ती विसरलीय. मी आठवणही करून देत नाही.

खरं भांडण झालं ते पार्ले-जीवरून. व्हेटनी चार किलो वजन उतरवायला सांगितलं. आई म्हणाली, या वयात कुणी उपाशी ठेवतं का? तिच्यासमोर मी २००२ सालचा अभ्यास मांडला. लॅब्रेडॉरची ४८ पिल्लं, जोड्या लावलेली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, तेही जन्मभर. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, बाकीचे ११.२. शिवाय सांधेही उशिरा धरले. आणि हे संशोधन केलं कुणी, तर प्युरिनाने. डॉगफूड विकणारेच सांगतायत, कमी खायला घाला! आईने चहाबरोबरचं बिस्किट अर्ध्यावर आणलं. तह झाला.

एक मात्र कळकळीने सांगते. तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमधली गोळी कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेनने त्याच्या पोटात अल्सर होतात, किडन्या जातात. पॅरासिटमॉलही आपल्या मनाने नाही. त्यांची औषधं वेगळी असतात, आणि ती चालू असताना अधूनमधून रक्त तपासावं लागतं.

डोळ्यांत निळसर झाक आलीय, पण तो मोतीबिंदू नाही. लेन्स घट्ट होत गेली की तसं दिसतं, आणि बऱ्यापैकी दिसतही राहतं. कान गेलेत जवळजवळ. कुकरच्या शिट्टीला दचकणारा हा प्राणी आता दिवाळीतल्या सुतळी बॉम्बला घोरतो. त्यातल्या त्यात फायदा! नाक मात्र शाबूत. पूर्वी आम्ही पाऊण तासात हनुमान टेकडी चढून उतरायचो. आता तेवढ्या वेळात कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जातो, कारण वाटेतल्या प्रत्येक स्कूटरचं टायर वाचून काढायचं असतं. सुरुवातीला मी पट्टा ओढायचे, मोबाईल बघायचे. आता उभी राहते. चाळिशी समोर आल्यापासून टेकडीवरून उतरताना माझाही डावा गुडघा बोलतो, म्हणून म्हणत नाही, पण पाऊण तास नुसतं उभं राहणं वाईट नसतं.

पुढचं काय, हे मीच विचारलं व्हेटना. ते म्हणाले, त्याच्या सगळ्यात आवडत्या तीन गोष्टी लिहून ठेव. त्यातल्या दोन सुटल्या की मला फोन कर, मग आपण बसून बोलू. मला तिथेच रडू आलं, पण घरी येऊन यादी केली. टेकडी, आईच्या हातची पोळी, आणि रात्री लिफ्टचं दार वाजलं की माझ्यासाठी दारात येऊन उभं राहणं. लिफ्ट आता ऐकू येत नाही, पण कसं कोण जाणे, येतो! यादी फ्रिजवर लावलीय. मार्चमध्ये टेकडी खोडली.

परवा बघितलं तर आईने खाली पेनाने चौथी ओळ घातलीय, 'आंबा (बाठा नाही).' मी म्हटलं, अगं, तीनच लिहायच्या होत्या. ती म्हणाली, "असू दे."