आधी श्वास सोडावा



श्रावणी सोमवारी येडशीच्या रामलिंगाला जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल की, तेथे वाटेचा क्रम उलटा आहे. अन्यत्र आधी गड चढायचा, दर्शन घ्यायचे आणि उतरत परतायचे. रामलिंगाचे मंदिर मात्र बालाघाटाच्या कुशीत, दरीत वसलेले आहे. जाताना पायऱ्या उतरायच्या आणि दमलेल्या पायांनी परतताना त्याच चढायच्या. उतरताना नातवंडांशी गप्पा मारणारे आजोबा चढताना मध्येच थांबतात, छातीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "चालायचंच, आता वय झालं!" हे वाक्य कित्येकदा खरे असते; पण कित्येकदा त्याच्याआड फुफ्फुसाचा किंवा हृदयाचा आजार दडलेला असतो. हा भेद ओळखायचा तर श्वासाचे कार्य समजून घ्यायला हवे.

आपण नाकावाटे घेतलेली हवा श्वासनलिकेतून खाली उतरते. वडाच्या फांद्यांना फांद्या फुटाव्यात तशी ही नलिका सुमारे तेवीस वेळा विभागत जाते आणि शेवटी वायुकोशांपर्यंत पोहोचते. दोन्ही फुफ्फुसांत मिळून असे कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. पाणी जसे उंचावरून सखलाकडे वाहते, तसा ऑक्सिजन हवेतून रक्तात उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड रक्तातून हवेत येतो. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. बाहेर सोडलेल्या हवेत तो १६ टक्क्यांच्या आसपास उरतो.

विश्रांतीच्या वेळी रक्तातील तांबडी पेशी वायुकोशाजवळून जायला सुमारे पाऊण सेकंद घेते आणि त्यातील पहिल्या पाव सेकंदातच ऑक्सिजन भरून घेते. उरलेला वेळ ही निसर्गाने ठेवलेली शिल्लक होय. आपण पायऱ्या चढू लागलो की रक्त वेगाने धावते आणि ही शिल्लक खर्ची पडते. निरोगी फुफ्फुसाला ती पुरते. आजारी फुफ्फुसाला पुरत नाही. म्हणूनच खुर्चीत बसल्यावर न जाणवणारा आजार अनेकदा पायरीवर प्रथम प्रकट होतो.

वयोमानानुसार फुफ्फुसाचा लवचीकपणा कमी होतो आणि छातीचा पिंजरा ताठर बनतो. परिणामी श्वास सोडल्यानंतरही आत पूर्वीपेक्षा अधिक हवा उरते. ज्यांनी वर्षानुवर्षे विडी ओढली, त्यांच्या वायुनलिका अरुंद होऊन ही अडचण आणखी वाढते. ज्या माउल्यांनी तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात उभे आयुष्य स्वयंपाक केला, त्यांच्या बाबतीतही हेच घडू शकते. विडीला कधी हातही न लावलेल्या आजीला दम लागतो, तेव्हा घरच्यांनी चुलीची आठवण करावी आणि डॉक्टरांनाही ती आवर्जून सांगावी.

दम लागला की माणूस घाईघाईने हवा आत ओढू लागतो. आत शिळी हवा कोंडलेली असताना ताजी हवा शिरणार कोठे? शिवाय घेतलेल्या प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा नलिकांतच राहते, ती वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. आता हिशेब पाहा. मिनिटाला १२ वेळा ५०० मिलिलिटर श्वास घेतला, तर एकूण ६ लिटर हवा आत जाते आणि तीतील ४.२ लिटर वायुकोशांत पोहोचते. मिनिटाला २४ वेळा २५० मिलिलिटरचा उथळ श्वास घेतला, तरी एकूण हवा ६ लिटरच. पण वायुकोशांच्या वाट्याला केवळ २.४ लिटर येते. कष्ट दुप्पट आणि लाभ जवळपास निम्मा!

यावरचा उपाय साधा आहे: आधी श्वास सोडावा. दम लागल्यास थांबून बसावे, किंचित पुढे झुकावे, कोपरे गुडघ्यांवर टेकवावेत आणि खांदे सैल सोडावेत. मनात दोन अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा. मग गरम दुधावर हलकी फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून, चार अंक मोजत तो सोडावा. जोर लावू नये. ओठांशी झालेल्या या अटकावामुळे बारीक नलिका मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. पायऱ्या चढताना उभे राहून श्वास घ्यावा आणि सोडत सोडत एक-दोन पायऱ्या चढाव्यात. सोबतच्या तरुणांनी "चला, चला" अशी घाई करू नये. आजोबांच्या पावलाने चालावे. हा सराव रोज दोन वेळा, निवांत बसलेले असतानाच करावा, म्हणजे प्रसंगी तो आठवतो.

आता ऑक्सिजनविषयी. येडशीहून फार दूर नसलेल्या, कळंब तालुक्यातील चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपल्या इथेनॉल प्रकल्पाच्या यंत्रणेत फेरबदल करून हवेतून ऑक्सिजन वेगळा काढण्याचा प्रकल्प उभारला. त्यामागचे तत्त्व असे की, जिओलाइट नावाचे सच्छिद्र खनिज दाबाखाली हवेतील नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देते. आज अनेक घरांत रुग्णाच्या उशाशी असलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रही याच तत्त्वावर चालते.

मात्र शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याला मात्रा असते. फुफ्फुसाच्या जुनाट अडथळ्याच्या काही रुग्णांना गरजेपेक्षा अधिक ऑक्सिजन दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोके दुखणे, दिवसा गुंगी येणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे. अशा रुग्णांसाठी डॉक्टर अनेकदा ८८ ते ९२ टक्के एवढीच ऑक्सिजन पातळी राखायला सांगतात. तेव्हा मायेपोटीही यंत्राचा प्रवाह स्वतःहून वाढवू नये. यंत्राजवळ देवाचा दिवा, उदबत्ती, विडी किंवा शेगडी ठेवू नये.

पुढील चिन्हे दिसल्यास मात्र वयाकडे बोट दाखवून थांबू नये. बसल्या जागी धाप लागणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, छातीत दुखणे किंवा अचानक भ्रम होणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पायांवर सूज येणे, रात्री उशा वाढवल्याखेरीज झोप न लागणे, किंवा गेल्या वर्षी सहज चढलेल्या पायऱ्या यंदा न झेपणे, ही लक्षणे असल्यास लवकर डॉक्टरांकडे जावे. फुंकून करावयाच्या स्पायरोमेट्री तपासणीविषयी, तसेच इन्फ्लुएंझा आणि न्यूमोकोकल लसींविषयी त्यांना विचारावे.

पुढच्या श्रावणात रामलिंगाला जाल, तेव्हा दर्शनानंतर लगेच चढू लागू नका. मंदिराजवळ घटकाभर बसा, दहा-बारा वेळा सावकाश श्वास सोडा आणि मग पहिल्या पायरीवर पाऊल ठेवा. गेल्या वर्षी कोठे थांबावे लागले होते, ते आठवून पाहा. यंदा त्याहून अलीकडेच थांबावे लागले, तर ती गोष्ट मनात न ठेवता घरी सांगा.