घड्याळाचा आकडा आणि कामाचा हिशेब

कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने संगणकाचा प्रोसेसर चालविण्याचा जो उद्योग ओव्हरक्लॉकिंग या नावाने प्रसिद्ध आहे, त्याकडे आपला सुशिक्षित समाज एक तर तरुणांचा छंद म्हणून कौतुकाने पाहतो, नाही तर यंत्राची नासाडी म्हणून नाक मुरडतो. आणि या दोन्ही दृष्टींत त्या उद्योगाचे खरे मर्म, म्हणजे त्यास लागणारी मोजमापाची शिस्त, नजरेआड राहते. वेग वाढविणे आज मुळीच अवघड राहिलेले नाही. बायोसमधील एक आकडा बदलला की काम झाले. वाढविलेला वेग खरोखर पदरात पडला की नाही, आणि पडला असल्यास कोणत्या मोबदल्यात पडला, हे ठरविणे मात्र अवघड आहे, आणि या आठवड्याच्या सदरात त्याविषयीच लिहावयाचे आहे.

प्रोसेसरचा वेग हा दोन संख्यांचा गुणाकार असतो. मदरबोर्डाकडून मिळणारा मूळ ठोका हल्ली बहुधा १०० मेगाहर्ट्झचा असतो, त्यास ५० हा गुणक लावला की ५ गिगाहर्ट्झ होतात. या वेगाने एका ठोक्यास मिळणारा अवधी एका सेकंदाच्या पाच अब्जाव्या भागाएवढा. तेवढ्या वेळात निर्वात पोकळीतला प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर अंतर कापतो, आणि तेवढ्याच वेळात विद्युत्संकेताने एकामागून एक जोडलेल्या ट्रान्झिस्टरांच्या मालिकेतून जाऊन पुढील ठोका पडण्यापूर्वी स्थिर व्हावयाचे असते. सिलिकनच्या एकाच चकतीतून निघालेले तुकडे या कामी सारखे समर्थ नसतात. म्हणून निर्माता त्यांची प्रतवारी करतो आणि तापलेली खोली, दुबळा पंखा व वाढते वय यांची तजवीज म्हणून काही शिल्लक राखून ठेवतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा मनुष्य ही राखीव शिल्लक खर्ची घालतो, आणि ती किती आहे हे त्याच्या हातातील तुकड्यावरच करून पाहिल्यावाचून कोणासही सांगता येत नाही.

ही शिल्लक केवढी असू शकते याचा अभिजात दाखला म्हणजे १९९८ साली इंटेलने बाजारात आणलेला सेलेरॉन ३००ए. ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्यास ४.५ हा गुणक लावून तो ३०० मेगाहर्ट्झवर चाले आणि त्याचा गुणक कायमचा बांधलेला असे. परंतु जाणत्या लोकांनी गुणकास हात न लावता ठोकाच १०० वर नेला, आणि त्या काळच्या पुष्कळ सेलेरॉनांनी ४५० मेगाहर्ट्झचा भार निमूटपणे पेलला. ज्यांच्या मदरबोर्डावर तशी मुभा नव्हती, त्यांनी प्रोसेसरच्या पट्टीवरील बी-२१ हा एक संपर्कबिंदू चिकटपट्टीने झाकून तेच साधले. त्या प्रोसेसरमधील १२८ किलोबाइटची कॅश मुख्य वेगानेच चालत असल्यामुळे, कितीतरी महाग अशा पेंटियम दोनच्या तोडीस तो अनेक कामांत उतरला.

परंतु त्या दिवसांची आठवण आजच्या यंत्रास लागू करणे धोक्याचे आहे, कारण वेगाची किंमत सरळ व्याजाने वाढत नाही. प्रोसेसरच्या चालू कामात खर्च होणारी वीज ही ठोक्याच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वेग एका मर्यादेपलीकडे न्यावयाचा तर ट्रान्झिस्टरांनी लवकर उघडझाप करावी म्हणून व्होल्टेजही वाढवावेच लागते. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढविली तर हा खर्च दहा टक्क्यांनी नव्हे, तेहेतीस टक्क्यांनी वाढतो, आणि त्यातील बहुतेक सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर येतो. २००४ साली इंटेलला पेंटियम चारची ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती रद्द करावी लागली, त्यामागे मुख्यतः हीच उष्णतेची अडचण होती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पडद्यावर दिसणारा वेग खरा असतो काय? सीपीयू-झेडसारखे साधन ज्या क्षणी विचारणा करते, त्या क्षणीचा मूळ ठोका आणि गुणक यांचा गुणाकार ते दाखविते. प्रोसेसरचा गाभा तर सेकंदात अनेकदा झोपतो, जागा होतो आणि आपला वेग बदलतो. एचडब्ल्यूइन्फो या साधनात याच आकड्यांच्या खाली ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ अशी निराळी ओळ असते, आणि तिचा आधार प्रोसेसरमधील गणकांवर असतो: प्रत्यक्ष पडलेले ठोके मोजून त्यांची सरासरी तेथे मांडली जाते. यंत्र रिकामे असता ही सरासरी कमी दिसणे स्वाभाविक आहे; पण पूर्ण भाराखाली वरच्या ओळीत ५ गिगाहर्ट्झ आणि खालच्या ओळीत ४.७ असे दिसू लागले, तर काही ठोके गाळले किंवा लांबविले जात आहेत असे समजावे. रायझेनसारख्या प्रोसेसरास व्होल्टेज अपुरे पडले की तो कोसळण्याऐवजी आपला ठोका क्षणमात्र ताणतो. वरचा आकडा तसाच राहतो आणि सिनेबेंचसारख्या वेगचाचणीचे गुण मात्र उतरतात. हजेरीपटावर नाव लागले म्हणून दिवसाचे काम झाले असे कोणताही शहाणा मुकादम मानीत नाही. प्रोसेसरच्या बाबतीत आपण तेवढे तरी सावध असावे.

त्याहून गंभीर प्रश्न अचूकतेचा आहे. निळा पडदा येऊन यंत्र बंद पडले तर दोष निदान उघड होतो. बेरीज चुकली आणि यंत्र चालूच राहिले, तर तो दोष एखाद्या हिशेबाच्या वहीत किंवा छायाचित्रांच्या संग्रहात मुकाट्याने जाऊन बसतो. महाकाय मूळ संख्यांच्या शोधासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी लिहिलेली प्राइम९५ ही आज्ञावली प्रोसेसरच्या परीक्षेसाठी जगभर वापरली जाते ती याच कारणाने. प्रचंड गुणाकार ती दशांश अपूर्णांकांच्या मार्गाने करते, आणि प्रत्येक उत्तर पूर्णांकाच्या अगदी निकट यावे लागते. ‘फरक ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होता, ०.५ आला’ अशा आशयाची ओळ तिने पडद्यावर आणली, तर त्या यंत्राचे अंकगणित विश्वासार्ह राहिले नाही असा तो निर्विवाद निकाल होय.

आपल्या हवामानाचाही विचार करावयास हवा, कारण पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत जो प्रोसेसर पूर्ण भाराखाली ७८ अंशांवर थांबतो, तोच अकोला किंवा नागपूर येथील मे महिन्याच्या दुपारी, खोलीत ४२ अंश असता, ९६ अंशांच्या आसपास जाणार. आणि ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान बहुतेक आधुनिक प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवितात. परदेशी समीक्षकाचे व्होल्टेजचे आकडे डोळे झाकून उचलणाऱ्याने हा वजाबाकीचा हिशेब प्रथम करावा.

याउपर कोणी म्हणेल की, आम्ही ओव्हरक्लॉकिंग करीतच नाही, तेव्हा हा खटाटोप आम्हांस कशाला? त्याचे उत्तर असे की, राखीव शिल्लक खर्चण्याचे काम आता निर्मातेच करू लागले आहेत. २००८ साली पहिल्या कोअर आय-७ प्रोसेसरांबरोबर टर्बो बूस्ट आले, आणि तेव्हापासून भार, उष्णता व वीज पाहून प्रोसेसर आपला वेग आपणच चढवीत आला आहे. त्यामुळे हाताने मिळवावयाचे फारसे उरले नाही, आणि पाहावयाचे मात्र वाढले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा २०२४ साली त्या कंपनीस मान्य करावे लागले की, तिच्याच मायक्रोकोडमधील दोषामुळे गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले जात होते. दुरुस्ती आली, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढली. पण ज्या तुकड्यांस आधीच इजा पोचली होती ते त्या दुरुस्तीने पूर्ववत झाले नाहीत.

म्हणून माझे वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे. बायोसमधील कोणताही आकडा बदलण्यापूर्वी यंत्र रिकामे असतानाचे व पूर्ण भाराखालचे तापमान, व्होल्टेज आणि इफेक्टिव्ह क्लॉक यांची नोंद करून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलानंतर काही तास कसून परीक्षा घ्या. ज्या संगणकावर दुकानाची खाती, संशोधनाची सामग्री किंवा दुसऱ्याचे काम आहे, त्याचा वेग कारखान्याने ठरविलेलाच राहू द्या. आणि स्वतःच्या यंत्रावर हा प्रयोग करावयाचा असेल तर अवश्य करा, त्यातून यंत्राचे जे ज्ञान होते ते पुस्तकातून होत नाही. मात्र जी वाढ मोजून सिद्ध करता येत नाही, ती वाढ नव्हे असे समजून आकडा मुकाट्याने पूर्वीच्या जागी आणा.