पंख सापडतात, वैमानिक हरवतो

बीड - सहा दशकांची सेवा बजावून मिग-२१ विमानांनी २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे हवाई दलाचा निरोप घेतला. ही विमाने उडविणाऱ्या पहिल्या पिढीचे गणवेश आता घरच्या ट्रंकांत विसावले आहेत. त्यांवरील वैमानिकाचे पंखचिन्ह, अर्थात 'विंग्ज', संग्राहकांना खुणावते. मात्र ते कोणत्या काळातील आणि कोणाचे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर चिन्ह स्वतःच देते, दुसऱ्याचे देऊ शकत नाही.

भारतीय हवाई दलाला 'रॉयल' ही उपाधी १९४५ मध्ये मिळाली आणि २६ जानेवारी १९५० रोजी ती गळाली. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. साहजिकच 'आरआयएएफ' अक्षरांचे चिन्ह या पाच वर्षांतलेच असावयास हवे. ब्रिटनमध्ये राणी एलिझाबेथ गादीवर आल्या १९५२ मध्ये. मध्यभागी खोलगट कमानींचा मुकुट त्यांच्या कारकिर्दीत रूढ झाला. त्याआधीचा मुकुट गोलाकार कमानींचा होता. 'आरआयएएफ' अक्षरांवर राणीचा मुकुट असेल, तर ती वस्तू नक्कलच ठरते.

मराठवाड्यात गल्लत होण्यास आणखी एक कारण आहे. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. निजामाच्या देणगीमुळे पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'हैदराबाद' हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धातील १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर तर निजामाचे शिरोभूषणच आहे. परंतु बोधचिन्ह तुकडीचे असते. पंख मात्र प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या व्यक्तीने कमावलेले असतात.

नेमकी ही व्यक्तीच खरेदी-विक्रीत हरवते. मुंबईचे वैमानिक वेलिणकर ब्रिटिश विमानदलातून लढताना जून १९१८ मध्ये मृत्युमुखी पडले. फ्रान्समधील युद्धदफनभूमीत त्यांची नावानिशी नोंद आहे, म्हणून शतकानंतरही त्यांची ओळख शाबूत आहे. अशी नोंद नसलेल्या वैमानिकाचे पंख हाती आले, तरी त्यातून हाती लागते ते केवळ एक वर्ष.

संग्राहकांनी कायद्याचेही भान ठेवणे आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, आपण सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकी पोशाख वा चिन्ह वापरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम संग्रहावर नव्हे, तोतयेगिरीवर बोट ठेवते.

खरी जबाबदारी कुटुंबांची आहे. उड्डाणांची नोंदवही, गणवेशातील छायाचित्र आणि नियुक्तीची कागदपत्रे पंखांसोबतच जपली जावीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी अशा वस्तूंची यादी ठेवली, तर हे काम सोपे होईल. रद्दीत कागद गेले की पंखांना बाजारभाव उरतो, वैमानिक उरत नाही.